चित्रकार बरवे आणि त्यांची वही

भाईंदरजवळ समुद्राकाठी चौक गाव आहे. होड्या, जाळी, वाळत घातलेली मासळी, हे तिथले रोजचे दृश्य. रोज दिसते, म्हणून आपण ते नीट पाहत नाही. रोजच्याच वस्तू नीट पाहणाऱ्या एका माणसाची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

त्यांचे नाव प्रभाकर बरवे. मुंबईच्या दक्षिणेला, याच समुद्राकाठी, अलिबागजवळ नागाव आहे. तिथे 1936 साली त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले. 1961 साली ते बनारसला विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले. कापडासाठी नक्षी काढायची, हे तिथले काम. पुढे मुंबईच्या केंद्रातही त्यांनी नोकरी केली. ती सांभाळून ते आपली चित्रे काढीत.

चित्रे कसली? पान, घड्याळ, कात्री, शिंपला. वस्तू साध्याच, पण त्या अधांतरी तरंगतात. रंगही साधा. दारे-खिडक्यांना लावतात तसला चकचकीत रंग ते वापरीत.

"हे काय भलतंच?" असे कोणी म्हणेल. मग आपले स्वप्न आठवा. स्वप्नात होडी शेतात उभी असते. मेलेला आजा येऊन बोलतो. तेव्हा आपल्याला नवल वाटतं का? नाही. मनाचा कारभार असाच चालतो. मनातले हे जग लिखाणात आणि चित्रांत यावे, असे 1924 साली पॅरिसच्या काही मंडळींनी ठरवले. त्या पंथाला अतिवास्तववाद म्हणतात. बरवे त्या मंडळींतले नव्हते. पण त्यांची चित्रे त्या वाटेजवळची आहेत.

बरव्यांना आणखी एक सवय होती. ते वहीत लिहीत. पाहिलेले, सुचलेले टिपून ठेवीत. चित्र कसे सुचते, यावर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिले. त्याचे नाव 'कोरा कॅनव्हास'. कॅनव्हास म्हणजे चित्र काढायचे जाड कापड. 1995 साली बरवे वारले. 2019 साली मुंबईत त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन झाले. चित्रांबरोबर त्यांच्या वह्याही लोकांनी पाहिल्या.

"आम्ही काय लिहिणार? आमच्याजवळ लिहिण्याजोगं आहे काय?" असे पुष्कळ जण म्हणतात. कोरा कागद पाहून हात अडतो. बाबांनो, बायांनो, घरातली एकच वस्तू घ्या. कंदील घ्या, नाहीतर कोयता घ्या. तिच्याकडे घटकाभर पाहा. ती कोणी आणली, तिने काय काय पाहिले, ते आठवा. मग चार ओळी लिहा. अक्षर वाकडे आले तरी चालेल. सही करायला आपण शिकलो. आता मनातले लिहायला शिकू या.