गार पाण्याचा पेला आणि पावाचे तुकडे

मत्तयकृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय सलग वाचला की छाती दडपते. येशू बारा शिष्यांना गावोगाव पाठवतो आहे आणि पुढे काय वाढून ठेवलं आहे ते आडपडदा न ठेवता सांगतो आहे: सभास्थानांत फटके बसतील, राज्यकर्त्यांपुढे उभं केलं जाईल, घरचीच माणसं वैरी होतील. क्रूस उचलण्याची भाषाही याच अध्यायात आहे. एवढं सगळं सांगून झाल्यावर शेवटच्या ओळीत येतो तो गार पाण्याचा एक पेला. या लहानांपैकी एकाला शिष्य म्हणून जो तो देईल, त्याचं प्रतिफळ बुडणार नाही, असं येशू निक्षून सांगतो.

‘हे लहान’ म्हणजे इथे ते वाटेवरचे, झोळीही न घेतलेले शिष्यच. पाणी देणारा मात्र आपल्या दारातच उभा आहे. त्याला कुणी कुठे पाठवलेलं नाही. तरीही संदेष्ट्याचं स्वागत करणाऱ्याला संदेष्ट्याचंच प्रतिफळ मिळेल, असं आधीचं वचन आहे. पाठवलेल्याचा आणि पाणी देणाऱ्याचा वाटा वेगळा धरलेला नाही, हे मला या अध्यायातलं सर्वांत मोठं आश्वासन वाटतं.

मागच्या आठवड्यात आपण जिच्याबद्दल वाचलं त्या विधवेने होतं नव्हतं ते दानपेटीत टाकलं. इथे खर्चही नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस बेथलेहेमात राहून बायबलवर भाष्य लिहिणाऱ्या संत जेरोमने ‘गार’ या शब्दावर बरोबर बोट ठेवलं. पाणी तापवायला सरपण नव्हतं, अशी सबबही कुणाला सांगता येऊ नये, म्हणून येशूने गार पाणी म्हटलं, असं त्याचं म्हणणं.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं, ते पाहायला फ्रान्समधल्या लिझ्यू या गावी जावं लागेल. तिथल्या कर्मेल मठात १८८८ साली तेरेजा नावाची पंधरा वर्षांची मुलगी दाखल झाली. एकदा आत गेलं की बाहेर पडायचं नाही, असा तो मठ. तिथे एक वृद्ध, अपंग सिस्टर होत्या. संध्याकाळी सहाला दहा कमी असताना त्यांना प्रार्थनेतून उठवून भोजनगृहात न्यावं लागे, आणि त्यांचं मन राखणं महाकठीण. तेरेजाने हे काम आपण होऊन मागून घेतलं. आधी बाक एका ठरावीक पद्धतीने हलवायचा, मग मागून त्यांचा कमरपट्टा धरून हळूहळू चालायचं. जरा पाय अडखळला की बोलणी बसत, हात सैल वाटला तरी बसत, वर ‘तू या कामाला फार लहान आहेस’ हेही ऐकून घ्यायचं. भोजनगृहात त्यांना बसवून, बाह्या दुमडून दिल्या की काम संपलं. पण त्यांच्या वाकड्या झालेल्या हातांना पाव मोडता येत नाही, हे तेरेजाच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून पावाचे तुकडे करून दिल्याशिवाय ती तिथून हलली नाही. निघताना ती हसून बघायची. न मागता मिळालेल्या या मदतीने त्या सिस्टर विरघळल्या, आणि त्यातही तिच्या त्या हसण्याने जास्त.

हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी त्यांना नेत असताना तिला दुरून वाद्यांचे सूर ऐकू आले. झगमगती दालनं, नटलेल्या मुली तिच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. इकडे विटांच्या भिंती आणि कण्हणारी म्हातारी. या दहा मिनिटांची अदलाबदल जगातल्या कुठल्याच सुखाशी करणार नाही, असं तिला त्या क्षणी वाटलं. १८९७ च्या जूनमध्ये, क्षयाने शरीर पोखरलेलं असताना, तिने हे वहीत लिहून ठेवलं. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला ती गेली, अवघी चोवीस वर्षांची.

पुढे १९२५ मध्ये ती संत ठरली आणि १९२७ मध्ये पोप अकरावे पायस यांनी तिला सर्व मिशनकार्याची आश्रयदाती म्हणून घोषित केलं. कुणाच्या जोडीने? ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियरच्या. एक गोव्यापासून जपानपर्यंत समुद्र तुडवणारा, दुसरी मठाचा उंबरठाही न ओलांडणारी. दारात पाणी देणारा आणि वाटेवरचा शिष्य पुन्हा एका ओळीत आले.

आता एक शंका. ‘प्रतिफळ’ म्हटलं की हिशेब आला. पेलाभर पाणी देऊन स्वर्ग विकत घ्यायचा की काय? तारण कृपेने मिळतं की सत्कृत्यांनी, या वादावर सोळाव्या शतकात युरोपातली ख्रिस्तसभा दुभंगली. १९९९ मध्ये ऑग्सबर्ग इथे कॅथलिक आणि ल्यूथरन या दोघांनी मिळून मान्य केलं की तारण कृपेनेच मिळतं आणि सत्कृत्यं हे तिचं फळ आहे. मला याचं उत्तर मत्तयाच्याच पंचविसाव्या अध्यायात सापडतं. शेवटच्या न्यायाच्या त्या दृश्यात राजा म्हणतो, मी तहानेला होतो, तुम्ही मला पाणी दिलंत. त्यावर नीतिमान लोक गोंधळतात. प्रभू, आम्ही तुला कधी पाजलं? त्यांना आठवतच नाही. ज्यांनी हिशेब ठेवला असता त्यांना तारीखवार सांगता आलं असतं. यांनी फक्त समोरच्याची तहान पाहिली होती, आणि ते पाणी ज्याने स्वतः घेतलं, त्याच्या स्मरणात ते राहिलं. त्या कृत्याचं शाश्वतपण देणाऱ्याच्या मोठेपणात नाही, घेणाऱ्याच्या स्मरणात आहे.

मात्र त्याच दृश्यात डाव्या बाजूचे लोकही हाच प्रश्न विचारतात: आम्ही तुला कधी पाहिलं? त्यांचं न पाहणं हा पुढच्या लेखांकाचा विषय. त्यासाठी यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर जावं लागेल, जिथे एक याजक आणि एक लेवी जखमी माणसाला पाहून पलीकडच्या बाजूने निघून गेले.