चाकांवरचं घर – लेखांक ११ : वळवाची थंडी

मृगाआधी वळीव येतो आणि अंगणातलं वाळवण भिजवून जातो. आगोटीची कामं व्हायची असतात, लाकूडफाटा बाहेर असतो, घर शाकारायचं राहिलेलं असतं, म्हणून तर तो फजिती करतो. मिशिगनमध्ये थंडीचाही असाच एक वळीव असतो. खरा हिवाळा डिसेंबरात बसतो, पण ऑक्टोबरच्या उत्तरार्धात एखादी निरभ्र रात्र येते, पारा शून्याखाली उतरतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं पुन्हा अर्ध्या बाह्यांत फिरू लागतात. तेवढ्या एका रात्रीत दारात उभ्या असलेल्या आरव्हीचा, म्हणजे या चाकांवरच्या घराचा, पंप, गीझर नाहीतर एखादी तोटी कामातून जाते.

हिवाळ्यासाठी गाडी पूर्ण बंद करणं, ज्याला इथे विंटराइझ करणं म्हणतात, ते पुढच्या आठवड्यात. त्यात सगळ्या नळांतून गुलाबी अँटीफ्रीझ खेळवतात आणि एकदा ते केलं की त्या वर्षीची भटकंती संपली. म्हणून प्रत्येक जण ते लांबवतो. लेक मिशिगनच्या काठची पानगळ बघायची असते, एक शनिवार-रविवार अजून मोकळा दिसत असतो. त्यात आपली दिवाळी याच दिवसांत. चकलीचा घाणा कढईत असताना उद्या पहाटेचं किमान तापमान कोण बघतो?

आजचा लेख या मधल्या तीन-चार आठवड्यांचा आहे. गाडी बंद करायची नाही, पण फुटूही द्यायची नाही.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं हे आपण शाळेत शिकतो आणि बर्फाने पाईप आतून दाबून फोडला असं समजतो. पण पाईप बहुतेक वेळा फुटतो तो जिथे बर्फ झालेलाच नसतो तिथे. पाईपच्या एखाद्या उघड्या भागात आधी बर्फाचं बूच तयार होतं. ते लांबत जातं तसं पुढचं पाणी ढकललं जातं. पुढे नळ बंद असला तर त्या पाण्याला जायला जागा नसते, आणि पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही. मागे टाकीकडे सरकावं तर पंपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवलेला. दोन्हीकडून कोंडलेल्या त्या वीतभर पाण्यात दाब चढत जातो आणि सगळ्यात कच्चा सांधा सुटतो. हल्लीच्या गाड्यांमधले पेक्सचे पाईप थोडे ताणले जातात, त्यामुळे पुष्कळदा वाचतात. तडे जातात ते जोडाच्या तुकड्यांना, तोटीच्या आतल्या प्लास्टिकला, टॉयलेटच्या व्हॉल्व्हला, फिल्टरच्या वाटीला आणि पंपाच्या डोक्याला. म्हणून थंडीच्या रात्री नळ उघडे ठेवायचे. पाणी थोडं राहिलंच, तरी त्याला हलायला वाव हवा.

नव्या लोकांना भीती वाटते ती मोठ्या टाकीची, आणि इथेच त्यांचा हिशेब चुकतो. समजा तुमच्या फ्रेश टँकमध्ये दीडशे लिटर पाणी आहे. शून्य अंशावर आलेल्या एक किलो पाण्याचा बर्फ व्हायला त्यातून ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर जावी लागते. दीडशे लिटरचा हिशेब मांडला तर तो सुमारे १४ युनिट विजेइतका होतो, म्हणजे हजार वॅटची शेगडी चौदा तास चालवल्याएवढा. इतकी उष्णता ऑक्टोबरातल्या एका रात्रीत जात नाही. उलट अर्धा इंची पेक्स पाईपच्या एका मीटरमध्ये जेमतेम १२० मिली पाणी असतं, आमटीची एक वाटी म्हणा. एवढंसं पाणी काही तासांत गोठतं. टाकी सकाळी वरवर पापुद्रा धरून सुखरूप असते आणि तिच्या खालची तोटी मात्र चिरलेली असते. ग्रे आणि ब्लॅक टँकचंही, म्हणजे सिंक-शॉवरच्या सांडपाण्याच्या आणि टॉयलेटच्या टाकीचंही, तेच: धोका टाकीला कमी, तिच्या तोंडाशी अडकलेल्या पाण्याला आणि तिथल्या सरकत्या व्हॉल्व्हला जास्त.

आता रात्र कशी ओळखायची ते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याचे फोटो आपण हिवाळ्यात वर्तमानपत्रात बघत आलोय. त्या पहाटे गावातला पारा शून्याच्या बराच वर असतो. आकाश निरभ्र, वारा पडलेला, त्यामुळे जमीन आणि गवत आपली उष्णता वर फेकून हवेपेक्षाही गार होतात आणि जड झालेली थंड हवा खोलगट भागात साचते. मिशिगनच्या ऑक्टोबरातही हेच घडतं. अंदाजातला आकडा बहुधा जवळच्या विमानतळाचा असतो आणि तो माणसाच्या उंचीवर मोजलेला असतो. तुमची गाडी उतारावरच्या घराच्या मागे, ओढ्याच्या बाजूला उभी असेल तर तिथे त्याहून दोन-चार अंश कमी धरा. ढगाळ रात्र मायाळू असते. चांदणं स्वच्छ पडलं की बूट घाला.

वाऱ्याबद्दल एक गैरसमज मात्र कायम ऐकू येतो. तापमान ३५ फॅरनहाइट आणि विंड चिल २५ असेल तर पाईप गोठेल का? नाही. विंड चिल हा आपल्या उघड्या कातडीचा हिशेब आहे. वारा पाईपला लवकर गार करतो, पण हवेपेक्षा गार करू शकत नाही. ३५ म्हणजे गोठणबिंदूच्या वर, तिथे पाणी पाणीच राहतं.

सरकारी इशाऱ्यांवरही पूर्ण विसंबू नका. नॅशनल वेदर सर्व्हिसचं ‘फ्रीझ वॉर्निंग’ हे पिकांसाठी आणि झाडांसाठी असतं. एखाद्या भागात पिकांचा हंगाम संपला असं ठरलं की ते द्यायचं बंद होतं. नोव्हेंबरात फोन गप्प राहिला याचा अर्थ थंडी पडली नाही असा होत नाही.

मग किती अंशांना घाबरायचं? गाडीवाल्यांच्या गप्पांत २० फॅरनहाइट, म्हणजे उणे ७ सेल्सिअसच्या आसपास, हा आकडा नेहमी येतो. त्याचं मूळ इलिनॉय विद्यापीठातल्या बांधकाम-संशोधकांच्या प्रयोगांत आहे. पण ते प्रयोग घराच्या पोटमाळ्यावरच्या उघड्या पाईपांचे होते. त्या पाईपांना खालून घराची ऊब मिळते. दारात उभ्या असलेल्या, आतून बंद आरव्हीला कोणाची ऊब मिळणार? मी ३२ खाली दोन-तीन तास राहणार असं दिसलं की सावध होते आणि २८ दिसलं की विचारच करत नाही, पाणी सोडून देते. फुशारकी म्हणून २५ पर्यंत थांबणारे लोक मला माहीत आहेत. त्यातले काही जण मार्चमध्ये पंप शोधताना भेटतात.

पाणी सोडायला अर्धा तास पुरतो. आधी बाहेरचा होज काढा आणि तो घरात न्या. कॅम्पग्राउंडवर असाल तर हे दुप्पट महत्त्वाचं. तिथल्या उभ्या नळाचा व्हॉल्व्ह जमिनीखाली, गोठणरेषेच्या खाली असतो (मिशिगनच्या बांधकाम नियमांत ही खोली ४२ इंच धरतात) आणि नळ बंद केला की उरलेलं पाणी खालीच झिरपून जातं. होज लावलेला राहिला तर ते झिरपत नाही आणि तुमच्यापायी त्यांचा नळ फुटतो. घरी आपण रात्रभर तोटी थेंब-थेंब चालू ठेवतो, ती युक्ती इथे नको. तेवढ्यात ग्रे टँक भरतो.

गीझर दुपारीच बंद करून ठेवा. गरम आणि दाबाखाली असताना त्याचं बूच काढणं म्हणजे अंगावर उकळतं पाणी घेणं. आधी आतला गरम पाण्याचा नळ उघडून दाब सोडा, मग बूच काढा. स्टीलच्या टाकीला बुचाबरोबर लांब अ‍ॅनोड रॉड येतो. तो खाल्ला जाऊन काडीसारखा झाला असेल तर नवा आणा, नाहीतर पुढच्या वर्षी टाकीच खाल्ली जाईल. मग फ्रेश टँकचा ड्रेन आणि गाडीच्या पोटाखाली लोंबणारे दोन लो-पॉइंट ड्रेन, एक गरम पाण्याचा, एक थंड. सगळे नळ उघडा, टॉयलेटचं पेडल दाबून धरा, पंप काही सेकंद चालवून त्याच्या पोटातलं पाणी ओकू द्या. फिल्टरची वाटी हाताने काढून उपडी करा. शेवटी सिंक आणि शॉवरच्या खालच्या वळणात, म्हणजे ट्रॅपमध्ये, एकेक कपभर गुलाबी अँटीफ्रीझ ओता. गुलाबीच, म्हणजे आरव्हीचं, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं. मोटारीच्या रेडिएटरमधलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते पिण्याच्या पाण्याच्या वाटेत कधीही नाही.

आणि बाहेरचा शॉवर! पहिल्या वर्षी मी वर सांगितलेलं सगळं केलं, पाठ थोपटून घेतली आणि गाडीच्या कुशीतल्या झाकणामागचा तो छोटा शॉवर विसरले, कारण तो आम्ही एकदाही वापरला नव्हता. एप्रिलमध्ये पाणी भरलं तेव्हा भिंतीच्या आतून धार लागली. तडा ऑक्टोबरातला, पण पाणी नसताना तो सहा महिने गप्प बसला होता.

पाणी सोडायचंच नसेल, परवा निघायचं असेल, तर ऊब द्यायची. इथे सगळ्यात जास्त फसगत होते ती विजेच्या हीटरमुळे. गाडीतली गॅसची भट्टी बऱ्याच मॉडेलांत नुसती बैठक गरम करत नाही, तिच्या नळीची एक फांदी खालच्या पोटात, टाक्यांपाशी गेलेली असते. आपण गॅस वाचवायला आत एक हीटर लावतो, खोली ऊबदार होते, भट्टीचा थर्मोस्टॅट समाधानी होतो आणि भट्टी रात्रभर पेटतच नाही. आत आपण स्वेटरशिवाय झोपलोय आणि खाली पाईप गोठतोय. म्हणून भट्टीच चालू ठेवा, ४५-५० फॅरनहाइटवर, आणि सिंकखालच्या, पलंगाखालच्या कपाटांची दारं उघडी टाका. थर्मामीटर बैठकीत नको, पंपाच्या कप्प्यात ठेवा. पाच-दहा डॉलरचा, रात्रीचं किमान तापमान लक्षात ठेवणारा साधा थर्मामीटर पुरतो.

गॅसची काळजी नसते. भारतातल्या घरगुती सिलिंडरात ब्युटेनही असतं आणि ते शून्याच्या जवळ वाफ व्हायचं सोडतं. इथल्या टाकीतला प्रोपेन उणे ४२ सेल्सिअसपर्यंत वाफ होत राहतो. काळजी असते बॅटरीची. भट्टीचा पंखा बारा व्होल्टवर सात-आठ अँपिअर खातो, त्यामुळे गाडी विजेला जोडलेली नसेल तर पहाटे, नेमक्या गार वेळी, पंखा बंद पडतो. शिवाय उतरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी स्वतःच उणे ७ ते १० सेल्सिअसला गोठू शकते. पूर्ण भरलेली उणे ५० लाही टिकते. लिथियमची असेल तर शून्याखाली तिला चार्ज करू नका.

वीज जोडाल तर वायर जाड घ्या. १५०० वॅटचा हीटर १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर ओढतो आणि गॅरेजमधलं सर्किट बहुधा पंधराचं असतं. बारीक एक्स्टेंशन गरम होऊन वितळते. हीटर अर्ध्यावर ठेवा, आणि गाडीत कोणी नसताना तो मुळीच लावू नका. माझे शेजारी, मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले टूलमेकर, पंपाच्या कप्प्यात अजून जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब जाळीत अडकवून लावतात. तेवढ्या कप्प्याला तो पुरतो. एलईडी लावून उपयोग नाही. तो तापत नाही, हाच तर त्याचा गुण. गॅसची शेगडी पेटवून गाडी गरम करायचा विचार मात्र मनातही आणू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गाडीवर ‘फोर सीझन’ लिहिलंय, मग एवढं कशाला, असं मला विचारतात. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही आमच्या दक्षिण सीमेला लागून असलेल्या इंडियानातल्या एल्कहार्ट परिसरात बनतात आणि तिथे चांगला गुडघाभर बर्फ पडतो. तरीही गाडी विकत घेणाऱ्याच्या मनात जुलै असतो आणि ती बनतेही जुलैसाठी. अक्षरं वाचू नका, गुडघ्यावर बसून पोटाखाली बघा: पाईप झाकलेले आहेत का, ड्रेनचे व्हॉल्व्ह उघडे लोंबतायत का. माझा सरळ कल पाणी सोडण्याकडे आहे. ऊब द्यायची तर वीज, गॅस, बॅटरी आणि थर्मोस्टॅट, चौघांनी रात्रभर काम करावं लागतं. रिकाम्या पाईपला कोणाचीच गरज नसते.

या शनिवारी उजेड आहे तोवर गाडीखाली जा आणि ते दोन लो-पॉइंट ड्रेन, गीझरचं बूच आणि त्याला बसणारा पाना शोधून ठेवा. रात्री नऊ वाजता, टॉर्च दातांत धरून, ते सापडत नाहीत.

(पुढील आठवड्यात : गुलाबी अँटीफ्रीझ आणि गीझरचा बायपास)