जुन्या गाडीला ‘चार होलचे’ अलॉय घेताय? आधी पीसीडी मोजा

सेकंडहँड अलॉय विकणारा सहज म्हणतो, “चार होल आहेत, बसतील.” पण नुसते होल मोजून भागत नाही.

आमच्याकडे महिंद्रा-रेनॉ लोगान आहे. २००७ मध्ये आलेली ही गाडी आपल्या नाशिकच्याच महिंद्रा प्लांटमध्ये बनायची. तिचा बोल्ट पॅटर्न ४×१००. म्हणजे होल चार, आणि त्यांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास १०० मिमी. हाच व्यास म्हणजे पीसीडी. मारुती एस्टीमचा ४×११४.३, फोर्ड आयकॉनचा ४×१०८, फियाट पालिओचा ४×९८. होल सगळ्यांना चारच!

मोजायचं कसं?

१. चार होल असतील तर समोरासमोरच्या दोन होलांच्या केंद्रांमधलं अंतर म्हणजे पीसीडी.
२. पाच होल असतील तर शेजारच्या दोन केंद्रांमधलं अंतर मोजा आणि मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर १.७०१ ने गुणा.
३. अलॉयच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा. बऱ्याचदा पीसीडी तिथे कोरलेला असतो.

खरा धोका ९८ आणि १०० मध्ये आहे. फरक फक्त २ मिमीचा, त्यामुळे चाक बसल्यासारखं वाटतं. पण बोल्ट तिरके आवळले जातात, नंतर सैल होतात. कसारा घाट उतरताना चाक निघालं तर?

मधलं भोकही तपासा. लोगानला ६०.१ मिमी लागतं. अलॉयचं मोठं असेल तर हब रिंग घाला. लहान असेल तर तो सेट घेऊच नका. स्वस्तात मिळाला तरी!