साकीनाक्याचा गाळा आणि दिल्लीची ऑर्डर

सरकारी ठेकेदार म्हटले की पूल आणि रस्ते बांधणाऱ्या बड्या कंपन्या डोळ्यांसमोर येतात. मुंबईच्या उपनगरांत या धंद्याचे रूप बरेच लहान आहे. मरोळची एमआयडीसी, साकीनाका, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत एलबीएस मार्गाच्या आजूबाजूच्या औद्योगिक वसाहती. खाली दोन-तीन लेथ, एखादे सीएनसी मशीन, वर लाकडी पोटमाळ्यावर ऑफिस. येथून पितळी बुश, रबरी गॅस्केट, ब्रॅकेट, पॅनेल असा माल रेल्वेच्या वर्कशॉपना, माझगाव डॉकला, भाभा अणुसंशोधन केंद्राला, माहुलच्या रिफायनऱ्यांना जातो. गिऱ्हाईक केंद्र सरकार किंवा त्याचा उपक्रम, पुरवठादार मात्र आठ-दहा कामगारांचा मालक.

या मालकाचा दिवस लेथपासून सुरू होत नाही. सकाळी आधी पोटमाळ्यावरचा संगणक उघडतो. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, जे पेन ड्राइव्हसारखेच दिसते, चाव्यांच्या जुडग्याला अडकवलेले असते. एका टॅबवर गव्हर्न्मेंट ई-मार्केटप्लेस, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचे ‘जेम’, दुसऱ्यावर रेल्वेचे ई-खरेदी पोर्टल, आयआरईपीएस. कालच्या टेंडरला शुद्धिपत्रक निघाले का, मुदत वाढली का, ड्रॉइंग बदलले का, हे पाहिल्याशिवाय खालच्या कारागिराला काम सांगता येत नाही.

जेम 9 ऑगस्ट 2016 रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी आलेल्या सामान्य वित्तीय नियमांनी, जीएफआर 2017 ने, तेथे मिळणारा माल तेथूनच घेणे केंद्राच्या खात्यांना बंधनकारक केले. पहिल्या आर्थिक वर्षात तेथील उलाढाल सुमारे 422 कोटी रुपये होती. 2024-25 मध्ये ती 5 लाख 40 हजार कोटींच्या पुढे गेली. पूर्वी टेंडरचा फॉर्म विकत घ्यायला चर्चगेटला किंवा सीएसएमटीला रेल्वेच्या कार्यालयात जावे लागे, सीलबंद पाकीट पेटीत टाकावे लागे आणि कोणत्या टेबलावर कागद अडला हे शिपायाला विचारावे लागे. ती ये-जा संपली. तिच्या जागी मुदतीचा काटा आला आहे, आणि त्याला ओळखपाळख कळत नाही. दुपारी तीनला बोली बंद म्हणजे तीनला बंद. दोन वाजून पन्नास मिनिटांनी फाइल अपलोड करताना वीज गेली तर तक्रार ऐकणारे टेबलच समोर नाही.

बोली भरण्याआधीची पायरी म्हणजे ‘उद्यम’ नोंदणी. ही पद्धत 1 जुलै 2020 पासून लागू झाली. 1 एप्रिल 2025 पासून व्याख्याही रुंदावली: यंत्रसामग्रीतील गुंतवणूक 2.5 कोटी आणि उलाढाल 10 कोटींपर्यंत असेल तर सूक्ष्म उद्योग, 25 कोटी आणि 100 कोटींपर्यंत लघु उद्योग. साकीनाक्याच्या कित्येक गाळेवाल्यांना याचा फायदा झाला. नवे सीएनसी मशीन घेतले तर सवलत जाईल, या भीतीने जुन्या मशीनवर दिवस काढण्याची गरज उरली नाही. पण शेजारी मोठा झाला तरी लघुच राहिला, आणि आता तोही त्याच बोलीत त्याच सवलतींसह उतरतो.

सवलती लहान नाहीत. 2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्राच्या खात्यांनी आणि उपक्रमांनी वर्षभराच्या खरेदीतील 25 टक्के वाटा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा आहे. त्यातले 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून. सूक्ष्म व लघु उद्योगांना बयाणा रक्कम, म्हणजे ईएमडी, माफ असते. शिवाय त्यांचा भाव सर्वांत कमी बोलीच्या 15 टक्क्यांच्या आत असेल तर त्यांना त्या बोलीइतका भाव उतरवून ऑर्डरचा वाटा घेता येतो. मात्र हे सारे स्वतः माल बनवणाऱ्यासाठी किंवा सेवा देणाऱ्यासाठी. दुसऱ्याचा माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्याला यातले काही नाही, बांधकामाच्या ठेक्यांनाही हे धोरण लागू नाही. म्हणून तांत्रिक छाननीत गाळ्यात मशीन खरोखर आहे का, हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो.

कागदांची चळत दरवर्षी वाढते. जुलै 2020 पासून भारताच्या भूसीमेला लागून असलेल्या देशांशी संबंधित बोलीदारांवर नोंदणीचे बंधन आले. तेव्हापासून मुलुंडच्या गाळ्यालाही आपला अशा देशाशी संबंध नसल्याचे लिहून द्यावे लागते. ‘मेक इन इंडिया’ आदेशानुसार देशी घटकांचे प्रमाण 50 टक्के किंवा अधिक असेल तर पहिला वर्ग, 20 ते 50 टक्क्यांत दुसरा. दहा कोटींवरच्या खरेदीत यासाठी लेखापालाचा दाखला लागतो, त्याखाली स्वतःचे लेखी निवेदन चालते. पितळी बुश बनवणाऱ्याला हा हिशेब सोपा आहे. सेन्सर बसवलेले पॅनेल बनवणाऱ्याला प्रत्येक आयात सुट्या भागाचे बिल काढून बसावे लागते. चुकीचे लिहून दिले तर काळ्या यादीपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

मग येते दराचे गणित, आणि अनुभवाचा कस लागतो तो येथेच. पितळी रॉडचा आजचा भाव, लेथवर निघणारा चुरा परत विकून मिळणारे पैसे, एका नगाला लागणारी मिनिटे, प्लेटिंग, तपासणी, पॅकिंग, माल परळला पोचवायचा की अजमेरला, हे सारे एका वहीत मांडले जाते. धातूचा भाव रोज हलतो, बोलीतला भाव मात्र ऑर्डर येईपर्यंत गोठलेला. जेमवर वाढीव प्रमाणाचे कलमही असते: ठरलेल्या भावात 25 टक्क्यांपर्यंत जास्त माल मागता येतो. पितळ महागले की जुन्या भावाचा हा वाढीव माल नकोसा पाहुणा ठरतो.

रिव्हर्स ऑक्शन, म्हणजे भाव उतरवत नेणारा लिलाव, असेल तर संध्याकाळ वेगळीच. पडद्यावर सर्वांत कमी भाव दिसत राहतो, शेवटच्या मिनिटांत नवी बोली आली की वेळ पुढे सरकते. वहीत तळाचा आकडा आधीच लिहून त्याला गोल केलेला असतो. त्याच्या खाली जायचे नाही, हा नियम कागदावर सर्वांचा असतो; तो पाळणारे थोडे. मशीन रिकामे राहू नये म्हणून तोट्यात घेतलेली ऑर्डर नंतर सहा महिने गाळ्याला पुरून उरते.

ऑर्डर मिळाली की कामगिरीची अनामत भरावी लागते, आणि ही लघुउद्योगालाही माफ नाही. पूर्वी ती 5 ते 10 टक्के असे; नोव्हेंबर 2020 मध्ये कोविडच्या काळात ती 3 टक्क्यांवर आणली गेली, आता साधारण 3 ते 5 टक्क्यांत ठरते. बहुतेकजण ती बँक गॅरंटीने देतात आणि त्यासाठी बँकेत मुदतठेव अडकवतात. जेमचे व्यवहार शुल्कही ऑगस्ट 2024 मध्ये उतरले: दहा लाखांपर्यंतच्या ऑर्डरवर शून्य, त्यापुढे दहा कोटींपर्यंत 0.30 टक्के.

माल तयार झाल्यावरची तपासणी हा या कामाचा सर्वांत जिवंत भाग आहे. रेल्वेच्या अनेक ऑर्डरमध्ये ‘राइट्स’ या रेल्वे मंत्रालयाच्या कंपनीचा निरीक्षक गाळ्यात येतो. त्या दिवशी लेथ पुसलेला असतो, टेबलावर कॅलिब्रेशनचे दाखले, व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि गो-नो-गो गेज मांडलेले असतात. निरीक्षक मालक पुढे करतो ते नग घेत नाही. खोक्याच्या तळाचे काढायला सांगतो. कच्च्या मालाचा टेस्ट रिपोर्ट आणि नगावरचा हीट नंबर, म्हणजे धातूच्या ओतणीचा क्रमांक, जुळला नाही तर बाकीचे मोजमाप बघितलेही जात नाही. अंधेरीकरांची एक सोय म्हणजे भारतीय मानक ब्युरोचे ‘मानकालय’ एमआयडीसीत आणि केंद्राच्या लघुउद्योग खात्याचे चाचणी केंद्र साकीनाक्यालाच आहे. नमुना हातात घेऊन रिक्षाने जाता येते. सुरक्षेशी संबंधित सुट्या भागांना मात्र रेल्वेच्या लखनौ येथील संशोधन संस्थेची, आरडीएसओची, मान्यता लागते, आणि ती मिळेपर्यंत ऑर्डरचा मोठा वाटा आधीच्या मान्यताप्राप्त पुरवठादारांकडेच राहतो.

माल पोचल्यावर खरी परीक्षा पैशाची. जेमच्या अटींप्रमाणे माल मिळाल्यापासून दहा दिवसांत स्वीकृतीचा दाखला आणि त्यानंतर दहा दिवसांत पैसे. एमएसएमई कायदा 2006 नुसार करार असला तरी 45 दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत. थकले तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. कायदा एवढा कडक असूनही व्याज मागणारे कमीच, कारण ज्याच्याकडे उद्या पुन्हा बोली भरायची त्याच्यावर आज दावा कोण लावणार? दरम्यान जीएसटी थांबत नाही. बिल फाडले की पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत कर भरायचा, पैसे आलेले असोत वा नसोत. वर 2.5 लाखांपुढच्या करारावर सरकारी खाते 2 टक्के जीएसटी कापून घेते. तो नंतर खात्यात जमा दिसतो, पण तेवढे भांडवल काही काळ बाहेर राहते. उशिरा पोचलेल्या मालावर दर आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त दहा टक्के दंड. दोन्ही बाजूंच्या उशिराला एकच न्याय मिळत असता तर या धंद्याची निम्मी कुरकुर थांबली असती.

1 एप्रिल 2024 पासून प्राप्तिकर कायद्यात 43-बी(एच) कलमाने आलेल्या तरतुदीमुळे लघुउद्योगाचे पैसे मुदतीत न देणाऱ्याला ती रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. उपनगरातले अनेक गाळे थेट सरकारला नव्हे, तर मेट्रो किंवा रेल्वेच्या बड्या ठेकेदाराला माल देतात. त्यांच्या वसुलीत मार्चअखेर या तरतुदीचा उपयोग होतो. सरकारी खाते मात्र प्राप्तिकरच भरत नाही, त्यामुळे तेथे हे शस्त्र बोथट आहे. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना आणि केंद्रीय उपक्रमांना ‘ट्रेड्स’ या ऑनलाइन मंचावर नोंदणी सक्तीची झाली आहे. तेथे खरेदीदाराने बिल मान्य केले की ते बँकेला विकून पैसे आधी मिळतात. मान्य केले की, हे शब्द महत्त्वाचे.

वादांचे दारही बदलले. कोविडकाळात जप्त झालेल्या अनामती आणि कापलेला दंड यांपैकी 95 टक्के परत देणारी ‘विवाद से विश्वास’ योजना 2023 मध्ये येऊन गेली. जून 2024 च्या निर्देशानुसार लवाद सर्वसाधारणपणे दहा कोटींखालच्या वादांपुरता ठेवायचा आहे, म्हणजे छोट्या पुरवठादाराची ती वाट शाबूत आहे.

शेवटची पायरी कोणाच्या लक्षात राहत नाही. रेल्वेच्या मालाची हमी बहुधा पुरवठ्यापासून 30 महिने किंवा वापरात आल्यापासून 24 महिने, यांतले आधी संपेल तोवर असते, आणि त्यानंतरच अनामत सुटते. त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा स्मरणपत्र. मूळ बँक गॅरंटी हातात आली की ती बँकेत नेऊन मुदतठेव मोकळी करून घेतली जाते, आणि अनेकदा त्याच आठवड्यात नव्या ऑर्डरसाठी पुन्हा अडकवली जाते.