लाखोरी : बंदी विकण्यावर, पेरण्यावर नाही

धान कापणीला येण्याआधीच बांधीतल्या ओलीवर लाखोरीचं बी फेकून द्यायचं. नांगरट नाही, खत नाही, वेगळं पाणी नाही. भंडारा जिल्ह्यात, त्यातही पवनी-लाखांदूरच्या चौरास भागात, हे पीक असंच येत आलं. कोवळा पाला भाजीला, डाळ वरणाला आणि वड्यांना, कुटार जनावरांना. पुस्तकांत तिचं नाव लाखोळी, हिंदी मुलुखात खेसारी. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली १९६१ मध्ये विक्रीबंदी आली ती याच डाळीवर.

बंदीमागचं भय मात्र फार जुनं. सागर भागात १८२९ पासून ओळीने गहू बुडाला: आधी गारपिटीने, मग अवर्षणाने, मग रोगाने. शेतात टिकली ती फक्त लाखोरी. लोकांनी तीच खाल्ली आणि काही वर्षांत धडधाकट तरुणांचे पाय कमरेपासून गेले. कर्नल स्लीमनने १८४४ च्या आपल्या ग्रंथात हे लिहून ठेवलं आहे. पुढे नेपल्सच्या कान्तानीने १८७३ मध्ये या रोगाला ‘लॅथिरिझम’ म्हटलं. रीवा संस्थानाने तर १९०७ मध्येच या डाळीवर बंदी घातली होती.

विष हाती लागलं १९६४ मध्ये. राव, अडिगा आणि सर्मा यांनी बियांतून ओडॅप नावाचं अमिनो आम्ल वेगळं केलं. मज्जापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी ग्लुटामेट वापरतात. ओडॅप त्याचीच नक्कल करतं आणि पेशींना अतिउत्तेजित करून मारतं. फटका बसतो तो पायांची हालचाल चालवणाऱ्या लांब तंतूंना. पाय ताठरतात, चालताना गुडघे एकमेकांत अडकतात, टाचा टेकत नाहीत. एका काठीवरून दोन काठ्यांवर, आणि शेवटी फरपटणं. बुद्धी शाबूत, स्पर्श शाबूत. गेलेली चाल परत येत नाही.

मग पिढ्यान्‌पिढ्या लाखोरी खाणारे सगळेच का लुळे पडले नाहीत? मला या सगळ्या इतिहासातला हाच खरा प्रश्न वाटतो. आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त ही डाळ, तीही सलग दोन-तीन महिने, असं झालं की धोका वाढतो. इथिओपियातल्या अभ्यासांत दिसलं की सोबत पुरेसं धान्य खाणाऱ्यांना हा रोग कमी झाला. गंधकयुक्त अमिनो आम्लं लाखोरीत कमी, धान्यांत त्या मानाने जास्त; मज्जापेशींना तीच सावरतात असं मानलं जातं. डाळ भरपूर पाण्यात भिजवून, उकळून ते पाणी फेकलं की ओडॅपचाही बराच भाग निघून जातो. थोडक्यात, ताटात भात असेपर्यंत वरण फारसं बाधत नव्हतं.

आता मज्जासंस्थेच्या रक्षणासाठी स्पिरुलिना या शेवाळाच्या हिरव्या गोळ्या विकल्या जातात. त्यामागे काहीच नाही असं नव्हे: २००५ च्या एका प्रयोगात चार आठवडे स्पिरुलिना खाल्लेल्या उंदरांच्या मेंदूची, रक्तपुरवठा तोडल्यावर, हानी कमी झाली. पण तो उंदीर आणि तो पक्षाघात. लाखोरीने गेलेल्या पायांबद्दल त्यातून काही सांगता येत नाही. शिवाय गंधकयुक्त अमिनो आम्लांत स्पिरुलिना अंड्या-दुधाच्या मागेच आहे.

बंदीने काय साधलं? पेरा थांबला नाही. उघड बाजार नसला की भाव पडतो, आणि पडेल भावाची डाळ तुरीत, बेसनात मिसळली जाते. नागपूरचे शांतिलाल कोठारी वर्षानुवर्षं या बंदीविरुद्ध लढले. महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठवली. डाळ निर्धोक असल्याचा त्यांचा दावा मला जरा जास्तच ठाम वाटतो, पण शेतकऱ्याची बाजू त्यांनी लावून धरली हे खरं. दरम्यान रतन, प्रतीक आणि महातिवडा हे कमी ओडॅपचे वाण आले होते, आणि २०१६ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने त्यांना अनुकूलता दाखवल्याच्या बातम्या छापून आल्या.

वाण बदलूनही एक अडचण उरते. ओडॅपचं प्रमाण नुसतं बियाण्यावर ठरत नाही. जमिनीत जस्त कमी असलं, पाण्याचा ताण पडला की ते वाढतं. म्हणजे धान बुडालं आणि लाखोरीच तेवढी हाती आली, अशाच वर्षी ती जास्त विषारी असण्याची शक्यता. त्या वर्षी रेशनच्या दुकानात तांदूळ पोचतो की नाही, याला वाणाइतकंच महत्त्व आहे.