डाळिंबाच्या पानगळीमागचं तीन अणूंचं कडं

मोडनिंबच्या बाजूला डाळिंबाचा बहार धरायचा, तर आधी बागेचं पाणी तोडतात. झाड ताणावर गेलं की इथरेलची फवारणी होते, पानगळ होते. मग पाणी सोडलं की उघड्या फांद्यांवर पालवी आणि कळी. बागायतदाराला हे पाठ असतं. बाटलीतलं ते औषध ज्याच्यापासून जन्मतं, ते मात्र बागेपर्यंत कधी येत नाही आणि येऊही नये.

ते आहे इथिलीन ऑक्साईड, एपॉक्साईड कुळातलं सर्वांत धाकटं. दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन मिळून झालेलं त्रिकोणी कडं. १८५९ साली फ्रान्समध्ये व्युर्त्झ यांनी ते पहिल्यांदा तयार केलं. कार्बनचे बंध एरवी एकमेकांत १०९ अंशांच्या आसपास कोन राखतात. इथे ते जेमतेम ६० अंशांत कोंबलेले. वाकवून बांधलेल्या ओल्या फोकासारखं हे कडं सुटायला टपलेलं असतं. पाणी भेटलं की ग्लायकॉल होतं, अमोनिया भेटला की इथॅनॉलअमाइन. ट्रायमिथिलअमाइन आणि हायड्रोक्लोरिक आम्लाशी गाठ पडली, तर कोंबडीखाद्यात घालायचं कोलीन क्लोराईड. सोलापूरची बालाजी अमाइन्स ते बनवते. जंतूंची प्रथिनं आणि डीएनएही त्याच्या तावडीतून सुटत नाहीत, म्हणून सिरिंजा याच वायूने निर्जंतुक करतात. माणसाच्या पेशींनाही ते सोडत नाही. त्याने कर्करोग होतो.

आता इथरेल, म्हणजे इथेफॉन. कारखान्यात इथिलीन वायू चांदीच्या उत्प्रेरकावर ऑक्सिजनशी जोडून हे कडं घडवतात. त्यावर फॉस्फरस ट्रायक्लोराईड सोडलं की कडं उघडतं: क्लोरीन कार्बनला चिकटतो, फॉस्फरस ऑक्सिजनला. मग तापवल्यावर रेणूची आतल्या आत अशी फेरमांडणी होते, की फॉस्फरस थेट कार्बनलाच जाऊन बसतो. शेवटी आम्लाने जादा फांद्या छाटल्या की इथेफॉन हाती येतं. आम्लात ते शांत असतं. पानाच्या पेशीतला रस त्या मानाने कमी आंबट. तिथे पोचताच ते फुटतं आणि बाहेर पडतो... इथिलीन! ज्या दोन कार्बनांपासून सुरुवात झाली, तेच दोन, पुन्हा वायू होऊन. झाडाच्या लेखी हा वायू म्हणजे पान गाळायचा हुकूम.

मला याहून नवल वाटतं ते फवारणीच्या आधीचं. पाणी तोडल्यावर झाड पानांची छिद्रं मिटून घेतं, ते अ‍ॅब्सिसिक आम्लाच्या इशाऱ्यावर. हे आम्ल झाड आपल्याच पिवळसर रंगद्रव्यांतून घडवतं. व्हायोलाझँथिन हे त्यांतलं एक. त्याच्या लांबलचक रेणूच्या दोन्ही टोकांना अगदी तसंच तीन अणूंचं कडं असतं. विकर हा रेणू तोडतात आणि पुढच्या टप्प्यात तुकड्यावरचं कडं उघडतात. त्यातला ऑक्सिजन तयार आम्लात तसाच राहतो. हे सगळं पानातच घडतं, चांदीशिवाय आणि भट्टीशिवाय.