बॅकस्पेस नेमकं काय खोडतो?

इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ‘स्त्री’ टाइप करा आणि बॅकस्पेस एकदा दाबा. अख्खं अक्षर जात नाही, ‘स्त्र’ उरतं. पुढे ‘स्त्’, ‘स्त’, ‘स्’, ‘स’, आणि सहाव्या वेळी पाटी कोरी. डोळ्यांना अक्षर एकच दिसतं, पण युनिकोडच्या हिशेबात ते सहा संकेतांक आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. आता कर्सर शब्दाच्या आधी नेऊन डिलीट दाबा. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये अख्खं जोडाक्षर एका फटक्यात जातं!

हा गोंधळ वाटतो, पण त्यामागे विचार आहे. मागे खोडणारा माणूस बहुधा नुकतीच दाबलेली कळ सुधारत असतो. ‘कि’चं ‘की’ करायचं तर फक्त वेलांटी जायला हवी, ‘क’ पुन्हा का टाइप करायचा? (गंमत म्हणजे ऱ्हस्व वेलांटी दिसते ‘क’च्या आधी, पण साठवली जाते नंतर. म्हणून आधी तीच खोडली जाते.) डिलीट मात्र समोर दिसणारी आकृती खोडतो.

कोरियन लिपीत आणखी वेगळं. ‘हान’ हा अक्षरगट तीन कळांनी बनतो. तो बनत असताना बॅकस्पेस एकेक वर्ण काढतो. पुढे सरकलात की सहसा पूर्ण गट जातो. कारण आधुनिक कोरियनच्या 11,172 अक्षरगटांपैकी प्रत्येकाला स्वतंत्र संकेतांक आहे. इमोजीचं ‘कुटुंब’ अनेक संकेतांकांचं असूनही बहुतेक ठिकाणी एकदमच पुसलं जातं. म्हणजे नियम लिपीचा नाही, वापरणाऱ्याच्या अपेक्षेचा.

मग संशोधनात अडचण कुठे? लेखनप्रक्रियेच्या अभ्यासात कळांची नोंद ठेवतात आणि बॅकस्पेसच्या संख्येवरून किती सुधारणा केल्या याचा अंदाज बांधतात. ‘स्त्री’ खोडायला सहा आणि इंग्रजी ‘ए’ खोडायला एक, तर मराठी लिहिणारा जास्त चुकतो असं म्हणायचं का? लिप्यंतर कीबोर्डवर तर शब्द पक्का होईपर्यंत बॅकस्पेस रोमन अक्षरंच खोडतो, म्हणजे एकाच भाषेतले दोन सहभागीही थेट तुलनेचे राहत नाहीत. तेव्हा कीबोर्ड कोणता होता आणि मोजलं काय, कळ, संकेतांक की अक्षर, हे पद्धतीच्या प्रकरणातच लिहा. अक्षरं मोजणार असाल तर युनिकोडची आवृत्तीही नोंदवा: 2023च्या 15.1 आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षर एकच गट धरलं जातं, त्याआधी हलन्तापाशी तुटायचं.